ओझे खाली ठेवता येत नाही तेव्हा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रताप नगरातील माझ्या दवाखान्यात एक जोडपे आले. गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, रक्तदाबाचे जुने पेशंट. रक्तदाब मोजला तर १८० वर ११०. "गोळ्या सुरू आहेत ना?" असे विचारले. ते खिडकीकडे पाहत राहिले. उत्तर बाईंनी दिले, "चार महिन्यांपासून बंद केल्या, डॉक्टर. म्हणतात, आता कोणासाठी जगायचं?"

चार महिन्यांपूर्वी त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. घरात त्याचे नाव काढायचे नाही, असा वडिलांचा नियम. फोटोसुद्धा कपाटात. "मला तर दिवसभर त्याच्याबद्दलच बोलावंसं वाटते," असे म्हणून बाई रडू लागल्या. मग गृहस्थ पहिल्यांदा बोलले, "डॉ. लागूंचा मुलगा असाच गेला होता ना? त्यांनी कसं सोसलं असेल?"

वाचकहो, त्यांचा हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी डॉ. श्रीराम लागू यांचे आयुष्य थोडे आठवू या.

१६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेले डॉ. लागू मूळचे आमच्याच धंद्यातले. कान, नाक, घशाचे शल्यचिकित्सक. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना नाटकाची गोडी लागली ती कायमची. पुढे आफ्रिकेतील टांझानियात त्यांनी डॉक्टरकी केली. पण मन रमले नाही. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, जम बसलेला व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. २३ डिसेंबर १९७० रोजी 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि त्यांचे गणपतराव बेलवलकर घरोघरी पोहोचले. मग 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' हे मराठी चित्रपट आले. हिंदीतील 'घरोंदा'साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. रिचर्ड अॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी'त ते गोपाळ कृष्ण गोखले झाले.

पोटच्या मुलांकडून दुखावलेला बाप रंगभूमीवर उभा करणाऱ्या या नटावर प्रत्यक्षात वेगळाच घाव पडला. तन्वीर हा त्यांचा आणि अभिनेत्री दीपा लागू यांचा मुलगा. तो रेल्वेने प्रवास करीत असताना धावत्या गाडीवर बाहेरून कुणीतरी भिरकावलेला दगड लागला आणि तो गेला. आजार नाही, भांडण नाही, काही कारण नाही. ज्याच्यावर राग काढावा असा माणूसही समोर नाही.

अशा वेळी आईबापांच्या मनात काय चालते, ते त्यांनाच ठाऊक. पुढे जे घडले, तेवढेच आपल्याला दिसते. डॉ. लागूंनी काम सोडले नाही. सत्तरी उलटल्यावर ते 'मित्र' नाटकात अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत उभे राहिले. आणि मुलाचे नाव त्यांनी झाकून ठेवले नाही. रूपवेध प्रतिष्ठानतर्फे ज्येष्ठ रंगकर्मींना 'तन्वीर सन्मान' देण्याची प्रथा २००४ मध्ये सुरू झाली. दरवर्षी भरल्या सभागृहात मुलाचे नाव मोठ्याने उच्चारले जाऊ लागले. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, डॉ. लागू पुण्यात निवर्तले.

त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'लमाण'. नाटककाराचा माल पाठीवर घेऊन प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारा तो नट, असा त्याचा अर्थ. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. काही ओझी खाली ठेवता येत नाहीत; ती घेऊन चालावे लागते. पण चालायचे तर पाय धड हवेत, आणि इथे डॉक्टरांचे काम सुरू होते.

दुःख केवळ मनात राहत नाही. झोप उडते, भूक मरते, रक्तदाब व साखर वाढते. तीव्र धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून कमजोर होतो, हे जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास प्रथम नोंदवले. त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून या विकाराला 'ताकोत्सुबो' म्हणतात. बहुतेक पेशंट काही आठवड्यांत बरे होतात. पण त्याची लक्षणे हार्ट अॅटॅकसारखीच असतात. तेव्हा छातीत दुखले किंवा दम लागला, तर 'मनाला लागलंय' म्हणून घरी बसू नये. लगेच इस्पितळ गाठावे.

घरात असा प्रसंग ओढवला असेल तर काही गोष्टी अवश्य पाळाव्यात. नेहमीच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. भूक नसली तरी वेळेवर दोन घास खावेत. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांचा आधार स्वतःच्या मनाने घेऊ नये. सकाळी अर्धा तास चालावे. गेलेल्याचे नाव घ्यावे आणि ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे. शेजारीपाजाऱ्यांनी 'विसरा आता' असे कधीही म्हणू नये. शेजारी बसून ऐकून घेतले तरी पुष्कळ झाले.

सहा महिने उलटूनही दुःखाचा जोर तसाच असेल, रोजची कामे होत नसतील, तर तो दीर्घ शोकाचा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. आपल्या नागपुरात मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो मोफत आहे. यात लाज कसली?

ते गृहस्थ आता दर महिन्याला येतात. गोळ्या सुरू आहेत. परवा रक्तदाब १३८ वर ८६ होता. मुलाची पुस्तके त्यांनी वस्तीतल्या अभ्यासिकेला दिली, प्रत्येकावर मुलाचे नाव स्वतःच्या हाताने लिहून. फोटो कपाटातून बाहेर आला आहे. "बरं वाटते का?" असे मी विचारले. "बरं नाही वाटत, डॉक्टर," ते म्हणाले, "पण आता आम्ही दोघं मिळून रडतो."

मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या.