स्वप्नाध्यायांतील पशु

जुन्या घरांतील पोथ्यांचीं बाडें सोडूं लागलें म्हणजे स्तोत्रें, व्रतकथा आणि मुहूर्ताचीं टिपणें यांच्यामध्यें दोन-चार पानांचा एक लहानसा ग्रंथ पुष्कळदां हातीं येतो. आरंभीं ‘अथ स्वप्नाध्यायः’ असें लिहिलेलें असतें. कर्ता म्हणून कोठें बृहस्पतीचें नांव असतें, कोठें कोणाचेंच नसतें. शेजारीं पल्लीपतन, अंगस्फुरण, काकरुत असलीं प्रकरणें. संग्राहक त्यावर ‘किरकोळ’ अशी चिठी लावून तीं पानें बाजूस ठेवितो. या पानांची अशी उपेक्षा होऊं नये, आणि तीं वाचावीं कशीं याचा थोडा विचार व्हावा, म्हणून हा लेख. त्यांतहि पशूंच्या स्वप्नांपुरतेंच आम्ही येथें पाहणार आहों, कारण गैरसमज मुख्यतः त्याच भागाविषयीं आहेत.

बाजारांत मिळणाऱ्या स्वप्नफलांच्या पुस्तकांत पशूंची यादी असते. अमुक दिसला तर धनलाभ, तमुक दिसला तर रोग. जणूं पशु हा कोशांतला शब्द आणि फल हा त्याचा अर्थ. जुन्या संस्कृत ग्रंथांची रीति ही नव्हे. तेथें पशु हें वाक्यांतलें एक पद आहे. तो काय करितो, कोणत्या दिशेस जातो, त्याचा वर्ण कोणता, रात्रीचा प्रहर कोणता, आणि पाहणारा निरोगी कीं आजारी, हीं इतर पदें जुळल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

याचें फार जुनें उदाहरण ऐतरेय आरण्यकांत (३.२.४) आहे. मरण जवळ आल्याचीं चिन्हें सांगतां सांगतां तेथें स्वप्नें येतात. डुकर माणसास ठार करितो. माकड त्याच्या अंगावर उडी घेतें. गाढवें किंवा डुकरें जोडलेल्या वाहनांतून तो जातो. आणि अखेरीस नलदाची माळ घालून तो काळ्या वासराच्या काळ्या गाईला दक्षिणेकडे हांकीत नेतो. याच्या शेजारीं आतां पुढील काळीं सर्वत्र रूढ झालेला वर्णाचा नियम ठेवावा. काळें तें सर्व निंद्य, मात्र गाय, हत्ती, घोडा, देव व ब्राह्मण हे वगळून; पांढरें तें सर्व शुभ, मात्र कापूस, भस्म, ताक इत्यादि वगळून, असा तो नियम आहे. त्याप्रमाणें काळी गाय निर्दोष ठरते, आणि आरण्यकाप्रमाणें तीच मृत्यूची दूती.

या दोहोंपैकीं एक वचन खोटें मानण्याचें कारण नाहीं. आरण्यकांतलें भय गाईचें नव्हेच. दक्षिण ही यमाची दिशा. नलदाची माळ आश्वलायन श्रौतसूत्रांत प्रेतास घालावयास सांगितली आहे. त्याच आचार्याच्या गृह्यसूत्रांत प्रेताबरोबर अनुस्तरणी म्हणून गाय किंवा एकरंगी शेळी न्यावी, कित्येकांच्या मतें ती काळी असावी, असें म्हटलें आहे. म्हणजे स्वप्न पाहणारा प्रेताच्या वेषानें, प्रेताच्या वाटेनें, प्रेताचाच पशु पुढें घालून निघाला आहे. हा सर्व देखावा मिळून मरण सूचित होतें. त्यांतून गाय तेवढी उचलून ‘काळी गाय दिसल्यास मृत्यु’ असें लिहिलें, तर मूळ वचनाचा प्राणच जातो.

रामायणांत ही पद्धति अधिकच स्पष्ट दिसते. सुंदरकांडांत त्रिजटेच्या स्वप्नांत राम चार दांतांच्या हत्तीवर दिसतो. रावण डुकरावर, इंद्रजित शिंशुमारावर आणि कुंभकर्ण उंटावर बसून दक्षिणेस जातात. अयोध्याकांडांत भरतास बाप गाढवांच्या रथांतून दक्षिणेकडे जातांना दिसतो, व थोड्याच वेळांत अयोध्येचे दूत येऊन उभे राहतात. वाहन आणि दिशा हीं दोन पदें येथें एकमेकांस सोडीत नाहींत. श्रीशंकराचार्यांनींहि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत (३.२.४) स्वप्नशास्त्र जाणणाऱ्यांचें मत म्हणून हत्तीवर चढणें शुभ व गाढवावरून जाणें अशुभ असा दाखला घेतला आहे, नुसता हत्ती किंवा नुसतें गाढव नव्हे. तेथेंच त्यांनीं असाहि विवेक केला आहे कीं, सूचित होणारी वस्तु खरी असली तरी सूचना देणारें स्वप्नांतलें दृश्य मिथ्याच होय.

वैद्यकाच्या ग्रंथांत हा विचार फार बारकाईनें केला आहे, आणि आमच्या मतें स्वप्नाध्यायाचा अर्थ लावणारानें प्रथम तिकडे पाहावें. चरकाच्या इंद्रियस्थानांत, पांचव्या अध्यायांत, कुत्रे, उंट किंवा गाढवें यांसह दक्षिणेस जाण्याचें स्वप्न हें राजयक्ष्म्यानें येणाऱ्या मरणाचें पूर्वचिन्ह म्हटलें आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानांत, एकोणतिसाव्या अध्यायांत, रोगपरत्वें पशु बदलतो. ज्वर झालेल्यानें कुत्र्याशीं सख्य पाहणें वाईट. शोष झालेल्यानें माकडाशीं सख्य पाहणें वाईट. तेव्हां कुत्र्याचें फल काय, असा प्रश्न या आचार्यांपुढें कोणी मांडला असता तर त्यांनीं उलट विचारिलें असतें कीं, पाहणाऱ्याच्या अंगांत ताप आहे काय?

चरकानें याहूनहि मोलाची गोष्ट सांगितली आहे. स्वप्नें सात प्रकारचीं: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांतील पहिलीं पांच निष्फळ. जें दिवसा पाहिलें, ऐकिलें, भोगिलें, इच्छिलें किंवा मनानें रचिलें, तेंच रात्रीं दिसलें तर त्याला फल नाहीं. दिवसा पडलेलें, फार लांबलेलें किंवा फार त्रोटक स्वप्नहि निष्फळच. अशुभ स्वप्नानंतर त्याच रात्रीं शुभ स्वप्न पडलें तर शुभाचेंच फल धरावें. एवढी चाळणी लावल्यावर फलाच्या विचारास स्वप्नें किती उरतात, हें ज्याचें त्यानें पाहावें.

या चाळणीचा उपयोग आमच्या म्हसळ्याकडे वारंवार पडतो. राजपुरीच्या खाडीच्या आंतल्या टोंकाशीं असलेला हा मुलूख भाताचा. पावसाळ्यांत चिखलणीस रेडे जुंपीत, आणि रेड्याच्या मागें गुडघाभर चिखलांत दिवस काढलेल्या माणसास रात्रीं रेडाच दिसला तर नवल नाहीं. परंतु रेडा हें यमाचें वाहन हें सर्वांस पाठ. त्यामुळें सकाळीं घरांत रडारड. सुश्रुतानें अशुभांत महिष सांगितला आहे हें खरें, परंतु तो अंगास तेल माखून त्यावर बसून दक्षिणेस जाणाराचा. औताचा रेडा हें चरकाच्या भाषेंत ‘अनुभूत’ स्वप्न, म्हणून निष्फळ. असें सांगितलें म्हणजे विचारावयास आलेल्या माणसाचा चेहरा मोकळा होतो, आणि शास्त्रहि बिघडत नाहीं. (गांवाच्या नांवांतच म्हैस आहे, असा विनोद या प्रसंगीं कोणीतरी करितोच. नांवाच्या व्युत्पत्तीस लेखी आधार पाहिजे. केवळ ध्वनिसाम्यावर आम्ही ती मांडीत नाहीं.)

रेड्याहून मोठें प्रकरण सापाचें. कोंकणांत साप स्वप्नांत आला कीं पूर्वज अडले, राखणदार कोपला किंवा पुरलेल्या धनाचा रक्षक खुणावतो आहे, असे तर्क सुरू होतात. वारंवार दिसला तर त्र्यंबकेश्वरीं जाऊन नारायण-नागबळी करावा असा सल्ला मिळतो. तीन दिवसांचा विधि, प्रवास, दक्षिणा आणि माणसांचा खर्च. कर्ज काढून तो केलेलीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत. त्या विधीचा अवमान करण्याचा आमचा हेतु नाहीं. सर्पवधाच्या दोषाचें निरसन व संतति हें नागबळीचें मूळ प्रयोजन, आणि त्या श्रद्धेनें कोणी तो करीत असेल तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ‘स्वप्नशास्त्रांत सांगितलें आहे’ हा जो आधार पुढें केला जातो, तो पोथी उघडून पाहिला असतां टिकत नाहीं.

सुश्रुताच्या त्याच अध्यायांत साप, जळू किंवा भुंगा चावल्याचें स्वप्न आरोग्य व धनलाभ यांचें सूचक म्हटलें आहे. स्वप्नाध्यायांत पांढरा साप उजव्या हातास डसल्यास दहा दिवसांच्या आंत सहस्राचा लाभ सांगितलेला असतो. पाण्यांत साप किंवा विंचू डसल्यास जय, अर्थ आणि पुत्र. ज्या दंशानें लोक घाबरतात तोच दंश शास्त्रांत शुभ. कारण काय असावें? सापाच्या जोडीस जळू आहे हें ध्यानांत घ्यावें. सुश्रुतानें जळवा लावून दुष्ट रक्त काढण्यास एक संपूर्ण अध्याय दिला आहे. दंश म्हणजे अंगांतलें दूषित तें बाहेर जाणें, अशी कल्पना या वचनाच्या मुळाशीं असावी असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे. परंतु रोग्याला धीर देणारें हें वचन वैद्याच्या ग्रंथांत यावें हें त्याच्याशीं जुळतें.

भयंकर स्वप्न आणि खर्चाचा विधि यांची सांगड नवी नाहीं. पाली जातकांतील सत्त्याहत्तराव्या, महासुपिन जातकांत, कोसलच्या राजास एका रात्रींत सोळा स्वप्नें पडतात. चार काळे बैल झुंजावयास येतात आणि न झुंजतांच परततात. गाई आपल्याच वासरांचें दूध पितात. लहान बेडक्या मोठाले काळे साप गिळतात. शेळ्या वाघरांस खातात. पुरोहित यज्ञ सांगतात व पशु बांधले जातात. राणीच्या सांगण्यावरून राजा बुद्धाकडे जातो. बुद्ध म्हणतो, हीं स्वप्नें तुझ्याविषयीं नव्हेतच. अधार्मिक राजांच्या पुढील काळीं लोकस्थिति कशी उलटी होईल तें यांत आहे. मग पशु सोडले जातात. येथेंहि प्रत्येक पशूचा अर्थ त्याच्या विपरीत वर्तनांतून काढिला आहे. बेडकी म्हणजे अमुक असें कोठें नाहीं. बेडकीनें साप गिळणें याला अर्थ आहे.

कोंकणच्या या भागांत शोध करणारानें आणखी एक परंपरा विसरूं नये. म्हसळा हें १९४८ पर्यंत सिद्दींच्या जंजिरा संस्थानांत होतें, आणि येथें कोंकणी मुसलमानांचीं जुनीं घराणीं आहेत. अशा घरांत फारशी किंवा दखनी ताबीरनामा निघाला तर तोहि स्वप्नाध्यायाचा सोबती समजून नोंदावा. कुराणांतील यूसुफाच्या कथेंत सात पुष्ट गाईंना सात रोड गाई खातात, आणि गाय म्हणजे वर्ष असा अर्थ होतो. तोहि खाण्याच्या क्रियेवरून. उलट चौदाव्या शतकांतील दमीरी या मिसरी पंडितानें आपल्या प्राणिकोशांत अक्षरक्रमानें एकेक प्राणी घेऊन त्याच्या वर्णनाच्या शेवटीं त्याचें स्वप्नफल दिलें आहे. हल्लींच्या याद्यांशीं रचनेच्या दृष्टीनें त्याचें साम्य आहे.

आतां पोथ्यांविषयीं. स्वप्नाध्यायाच्या प्रती एकमेकींशीं क्वचितच जुळतात, आणि म्हणूनच त्या उपयोगी आहेत. प्रहरांचें फल प्रथम पाहावें. पहिल्या प्रहरीं पडलेल्या स्वप्नाचें फल वर्षानें, हें बहुतेक ठिकाणीं एक आहे, दुसऱ्याला कोठें आठ महिने, कोठें सहा, तिसऱ्याला तीन, चौथ्याला कोठें महिना तर कोठें पंधरवडा. एवढ्या एका श्लोकाच्या पाठावरून प्रतींचीं कुळें लावण्यास आरंभ करितां येतो. वर्णाचा नियम असलेला श्लोक दुसरा. त्यांतील ‘वगळून’ या अर्थाचें पद लेखकाच्या हातून सुटलें कीं शुभाचें अशुभ होतें.

पशुवाचक शब्दांत तर पावलोपावलीं खळगे आहेत. ‘नाग’ म्हणजे हत्तीहि आणि सापहि. संस्कृत शिकवितांना आमचे विद्यार्थी नागाचा साप हटकून करीत. ‘नागारोहण’ या शुभ स्वप्नाचें मराठी करणारा पोथीलेखक तसाच फसला, तर हत्तीवर बसलेला राजा नागावर बसेल. ‘व्याल’ म्हणजे साप, हिंस्र श्वापद किंवा मस्त हत्ती. सुश्रुतानें दक्षिणेस नेणाऱ्या अशुभ वाहनांत व्याल घातला आहे. तो साप धरावा तर वर सांगितलेल्या शुभ सर्पदंशाशीं त्याचा मेळ बसवावा लागतो, श्वापद धरावें तर अडचणच नाहीं. ‘करभ’ म्हणजे उंट किंवा उंटाचें पोर, परंतु हत्तीचें पिल्लूहि. उंट कधीं न पाहिलेल्या मुलखांत लेखकानें यांतला कोणता अर्थ घेतला, हें मराठी टीपेवरून कळतें, आणि अशी टीप असलेलें पान मूळ श्लोकांइतकेंच जपून ठेवावें.

मुद्रित ग्रंथांपैकीं बोलिंग व नेगेलाइन यांनीं १९०९-१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अथर्ववेदपरिशिष्टांतील अडुसष्टावें परिशिष्ट, आणि नेगेलाइन यांनींच १९१२ सालीं छापिलेला जगद्देवाचा स्वप्नचिंतामणि, हे दोन हातांशीं असावे. परिशिष्टांत वात, पित्त व कफ या प्रकृतींप्रमाणें स्वप्नें विभागलीं आहेत.

शेवटचें पान मात्र कोणीं टाकूं नये. दुःस्वप्नाच्या शांतीचे उपाय तेथें असतात. ऋग्वेदांत दहाव्या मंडलांतील १६४ वें सूक्त याच कामाचें आहे, आणि आठव्या मंडलांत दुःस्वप्न त्रित आप्त्याकडे घालवून देण्याची प्रार्थना आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत गजेंद्रमोक्षाचें प्रातःस्मरण दुःस्वप्ननाशक म्हटलें आहे; विष्णुसहस्रनामांत ‘दुःस्वप्ननाशन’ हें नांवच आहे. पुन्हां निजावें, स्नान करावें, जप करावा, एवढेंच पुष्कळ ठिकाणीं सांगितलेलें असतें. आपल्या बाडांतील प्रतीच्या शेवटीं कोणता उपाय लिहिला आहे, त्यास खर्च काय, आणि सापासाठीं वेगळा विधि सांगितला आहे काय, एवढ्या तीन गोष्टी संग्राहकांनीं चिठीवर टिपून ठेवाव्या. चिठीवर ‘किरकोळ’ लिहावयास लागते त्याहून फारशी अधिक शाई त्यास लागणार नाहीं.