शासकीय कर्मचारी संघटना व राजकारण

शासकीय कर्मचारी संघटना व राजकारण : राज्य शासन, जिल्हा परिषदा व अनुदानित शिक्षणसंस्था यांतील कर्मचाऱ्यांच्या संघटना निवडणुकांच्या वेळी घेत असलेल्या भूमिका आणि विधिमंडळापुढे ठेवीत असलेल्या मागण्या यांचा विचार या विषयात होतो. अमेरिकेसारख्या देशात राज्य व नगर पातळीवरील कर्मचाऱ्यांच्या संघटना उमेदवारांची नावे जाहीर करून त्यांना पाठिंबा देतात. भारतात सेवानियमांमुळे तसे करता येत नाही. परिणामी येथील संघटनांचा पाठिंबा उमेदवारापेक्षा मागणीला दिला जातो, आणि त्या मागणीच्या बाजूने कोण आहे हे मतदाराने ओळखावे अशी अपेक्षा असते. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात या पद्धतीची उपयुक्तता आणि मर्यादा या दोन्ही स्पष्टपणे दिसतात.

कायदेशीर चौकट : संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने सर्व नागरिकांप्रमाणे शासकीय कर्मचाऱ्यांनाही दिला आहे. संपाचा हक्क मात्र मूलभूत हक्कांत मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात (१९६२) व पुढे तमिळनाडूतील रंगराजन खटल्यात (२००३) स्पष्ट केले. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनुसार कर्मचाऱ्यास राजकीय पक्षाचे सदस्य होता येत नाही, पक्षास वर्गणी देता येत नाही व प्रचारही करता येत नाही. त्याला मतदान करता येते. परंतु आपण कोणास मत देणार आहोत याची सूचनाही देता येत नाही. वाहनावर वा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हाही नियमभंग ठरतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. शिवाय, शासकीय कर्मचाऱ्याने उमेदवाराचा निवडणूक वा मतदान प्रतिनिधी होणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ नुसार गुन्हा आहे.

खाजगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन शासकीय अनुदानातून होत असले, तरी त्यांच्या सेवाशर्ती स्वतंत्र अधिनियमाने (१९७७) ठरतात. त्यांच्या संघटना उघडपणे निवडणुकीत उतरू शकतात, याचे हे एक कारण होय.

विधान परिषदेचा मार्ग : अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेत पदवीधर व शिक्षक यांना प्रत्येकी सु. एक-द्वादशांश जागा मिळतात. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी प्रत्येकी सात जागा या वर्गांच्या आहेत. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक वा त्यावरील स्तरावर मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे अध्यापन केलेल्यांनाच मत देता येते. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक त्यातून वगळला जातो. तो पदवीधर असल्यास पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. या मतदारयाद्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होतात. त्यामुळे नावनोंदणीचे अर्ज भरून घेणे हे संघटनांचे प्रचाराइतकेच महत्त्वाचे काम बनते. मतदान पसंतीक्रमाने होत असल्याने पहिल्या पसंतीबरोबरच पुढील पसंतीच्या मतांनाही मोल असते.

जानेवारी २०२३ मधील नागपूर शिक्षक मतदारसंघाची निवडणूक या संदर्भात उल्लेखनीय आहे. तीत विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी महाराष्ट्र राज्य शिक्षक परिषदेचे नागो गाणार यांचा पराभव केला. पहिल्यास महाविकास आघाडीचा, तर दुसऱ्यास भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा होता. जुन्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न या निवडणुकीत अग्रभागी होता.

प्रमुख मागण्या : केंद्रीय कर्मचाऱ्यांइतका महागाई भत्ता ही १९७० नंतरच्या दशकातील मुख्य मागणी होती. तिच्यासाठी १४ डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवसांचा संप झाला. र. ग. कर्णिक हे त्याचे अग्रणी नेते होते. संप मिटल्यावर त्याच महिन्यात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, विधानसभेच्या निवडणुका झाल्या. पुढे जुलैमध्ये सत्तांतर होऊन आलेल्या शरद पवार यांच्या मंत्रिमंडळाने ही मागणी मान्य केली.

१ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त झालेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांऐवजी अंशदायी योजना लागू झाली. जुन्या पद्धतीत अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन निश्चित असे. नव्या पद्धतीत ते साठलेल्या रकमेवर व बाजारातील परताव्यावर अवलंबून राहिले. या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यव्यापी संप झाला. त्याच सुमारास विधिमंडळाने अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक संमत केले. जानेवारी २०२४ मध्ये, १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातींनुसार नंतर नियुक्त झालेल्यांना जुनी योजना निवडण्याची मुभा मिळाली, आणि २५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. संघटनांनी ‘व्होट फॉर ओपीएस’ अशी हाक दिली. सप्टेंबर २०२४ मधील शिर्डीच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे यांनी जुनी योजना आणण्याचे आश्वासन दिले. तथापि नोव्हेंबरच्या निवडणुकीत सत्तारूढ महायुतीच मोठ्या बहुमताने विजयी झाली. हिमाचल प्रदेशात २०२२ मध्ये याच आश्वासनावर भर देणारा काँग्रेस पक्ष सत्तेवर आला होता. महागाई, जात, शेती अशा अनेक प्रश्नांच्या गर्दीत एका वर्गाची मागणी नेहमीच निर्णायक ठरते असे नाही, हे या तुलनेवरून दिसते.

नंदुरबार जिल्हा : धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सु. ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर हे चारही विधानसभा मतदारसंघ आणि लोकसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. विधान परिषदेसाठी जिल्हा नाशिक विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मोडतो. पाच जिल्ह्यांच्या या विस्तृत मतदारसंघांत सर्वांत दूरच्या अक्राणी-अक्कलकुव्यातील मतदार संख्येने थोडे असल्याने त्यांच्या खास प्रश्नांना आवाज मिळणे कठीण जाते.

असा एक प्रश्न एकस्तर वेतनश्रेणीचा आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांत काम करणाऱ्यांना तेथील सेवेपुरती वरच्या पदाची वेतनश्रेणी देऊ केली. दुर्गम भागात कर्मचारी टिकावेत, हा तिचा हेतू. हा लाभ अधिनियमाने नव्हे, तर शासन निर्णयाने मिळतो. किंबहुना सेवाशर्तींचे बहुतेक निर्णय मंत्रिमंडळ व वित्त विभाग यांच्याकडेच असल्याने संघटनांना नवा कायदा क्वचितच हवा असतो. तारांकित प्रश्न वा लक्षवेधी सूचना मांडून शासनास उत्तर देण्यास भाग पाडणारा आमदार हवा असतो.

मूल्यमापन : दुसऱ्या बाजूने पाहता सातपुड्यातील पाड्यांवर शासन म्हणजे शिक्षक, ग्रामसेवक व परिचारिका हीच माणसे होत. दाखला, शिधापत्रिका, शिष्यवृत्ती यांसाठी लोकांना त्यांच्याकडेच जावे लागते. मतदान केंद्रही याच वर्गातील माणसे चालवितात. राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र म्हणून ओळखले जाणारे नर्मदाकाठचे मणिबेली अक्कलकुवा तालुक्यातच आहे. अशा ठिकाणी कर्मचाऱ्याने पक्षाची बाजू घेतली, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या मतदाराचे स्वातंत्र्य धोक्यात येते. उलटपक्षी, त्याच कर्मचाऱ्याला आपल्या वेतनाविषयी व निवृत्तिवेतनाविषयी बोलण्याची वाट नसेल, तर दुर्गम भागात राहण्यास कोणी राजी होणार नाही. मागणीस उघड व उमेदवारास मौन पाठिंबा ही संघटनांची रीत या दोन गरजांमधील तडजोड आहे. ती अपुरी असली, तरी मतपेटी सांभाळणाऱ्याच्या हातात पक्षाचा झेंडा नसावा, हे तत्त्व तिने राखले आहे.