शेताखालचे तेलाचे नळ आणि त्यांची तपासणी

आपल्या जमिनीखालून दुसऱ्याची मालमत्ता अहोरात्र वाहात असावी, आणि ती कोणत्या स्थितीत वाहात आहे हे पाहण्याचे साधन मात्र आपणांपाशी नसावे, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांच्या कल्पनेतही आली नसती. पाटाचे पाणी डोळ्यांस दिसे. पाट फुटला तर पाटकऱ्यास हाक मारता येई. खनिज तेलाच्या अथवा नैसर्गिक वायूच्या नळाचे तसे नाही. एकदा चर बुजून वर पीक उभे राहिले म्हणजे बांधावरचा एक रंगीत खांब एवढीच त्याची ओळख उरते. दहेजहून उरण, पनवेलवरून दाभोळकडे जाणारा वायूचा नळ आणि मुंबईहून मनमाडकडे जाणारा पेट्रोल-डिझेलचा नळ ज्यांच्या शिवारांतून गेला आहे, त्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. असे नळ सुदृढ राखण्याचे नियम कोणते, ते न पाळणारास काय शासन होते आणि त्या नियमांत शेतजमिनीस स्थान किती, हे पाहावयाचे तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव विशेष उपयोगी पडतो; कारण तेथे अशा नळांचे जाळे फार मोठे असून मोठ्या अपघातांच्या चौकशीचे अहवाल छापून सर्वांस खुले केले जातात.

उत्तर डाकोटा संस्थानात टायोगा गावाजवळ २०१३ च्या सप्टेंबरअखेर एक शेतकरी गहू कापीत असता त्यास कच्च्या तेलाचा वास आला. पाहतो तो यंत्राची चाके तेलाने माखलेली, आणि जमिनीतून तेल उकळी फुटावी तसे वर येत आहे. टेसोरो कंपनीच्या सहा इंची नळास पाव इंचाचे छिद्र पडले होते. विजेच्या आघाताने ते पडले असावे असे अनुमान निघाले. प्रथम ७५० पिंपे तेल सांडल्याचा अंदाज सांगण्यात आला. तो वाढत वाढत २०,६०० पिंपांवर, म्हणजे सुमारे पावणेतेहतीस लक्ष लिटरांवर गेला. ही वार्ता लोकांस कळावयास अकरा दिवस लागले. पुढे तेथील माती खोलवर उकरून भट्टीत तापविण्याचे काम सुमारे पाच वर्षे चालले. तापविलेल्या मातीतून तेल जाते खरे, पण तिच्यातील सेंद्रिय अंशही जातो. तेथील विद्यापीठाच्या प्रयोगांत अशी माती मूळच्या वरच्या मातीत मिसळली असता गहू पुन्हा बरा येऊ शकतो असे आढळले. पण या साऱ्या हकीगतीत आम्हांस अधिक विचारणीय वाटते ते हे की, एवढे तेल सांडल्याचा शोध कोणा तपासनिसाने लावला नाही. तो एका शेतकऱ्याच्या नाकाने लावला.

नळ एकाएकी बिघडत नाही. बाहेरून ओलाव्याने गंज चढतो. आतून, विशेषतः वायूबरोबर पाणी आल्यास, तळ झिजतो. दाब वारंवार चढल्याउतरल्याने सांध्याजवळ बारीक तडे जाऊन ते वाढतात. शेजारी खोदकाम करणाऱ्या यंत्राचा दात लागून खोक पडते, आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. यांतील बहुतेक दोष फुटण्याच्या पुष्कळ आधी ओळखता येतात. त्यासाठी नळाच्या आतून एक यंत्र सोडतात. ते तेलाच्याच रेट्याने पुढे सरकते आणि लोहचुंबकाच्या अथवा ध्वनिलहरींच्या साहाय्याने भिंतीची जाडी व तडे नोंदीत जाते. कारागीर लोक त्यास 'पिग', म्हणजे डुक्कर, म्हणतात. (डुकराशी आमच्या शेतकऱ्यांचे वैर जुने आहे, पण हे डुक्कर उपकारी.) जेथे नळाच्या अरुंद वळणांमुळे हे यंत्र जात नाही, तेथे नळात पाणी भरून नेहमीहून अधिक दाब देऊन पाहतात.

ही तपासणी सक्तीची व्हावयास माणसे मरावी लागली. १० जून १९९९ रोजी वॉशिंग्टन संस्थानात बेलिंगहॅम येथे नळ फुटून पेट्रोल ओढ्यात आले, पेटले, आणि दोन मुले व एक तरुण प्राणास मुकले. चौकशीत निष्पन्न झाले की, १९९४ साली पाण्याच्या कारखान्यासाठी झालेल्या खोदकामात त्या नळास खोका पडल्या होत्या. पुढील दोन-तीन वर्षांच्या यंत्रतपासणीत त्या जागेवर काही वैगुण्य असल्याचे उमटलेही होते. पण तेथे उकरून पाहिले गेले नाही. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडजवळ आतून गंजलेला वायूचा नळ फुटला व नदीकाठी तळ देऊन राहिलेली एकाच कुटुंबातील बारा माणसे दगावली. त्यानंतर तेलाच्या नळांविषयी २००० च्या अखेरीस आणि वायूच्या नळांविषयी २००३ च्या अखेरीस नवे नियम झाले. त्यांचे सार असे की, कंपनीने आपल्या नळातील धोक्याच्या जागा स्वतः हुडकाव्या, तेलाचा नळ दर पाच वर्षांनी व वायूचा दर सात वर्षांनी तपासावा, आणि सापडलेला दोष ठराविक मुदतीत दुरुस्त करावा. तेलाच्या नळाची भिंत शेकडा ८० हून अधिक झिजलेली आढळली तर क्षणाचाही विलंब चालत नाही. दाब कमी करून तत्काळ दुरुस्ती करावी लागते.

नियम उत्तम आहे. पण तो पाळला जातो की नाही हे पाहणार कोण? सरकारी निरीक्षक काही शेकडा आणि नळांची लांबी वायू घरोघर पोचविणाऱ्या वाहिन्या धरून लक्षावधी मैल, असा हा हिशेब आहे. म्हणून निरीक्षक बहुधा नळ पाहात नाही. तो कंपनीचे दप्तर पाहतो. आणि दप्तर खोटे असेल तर काय होते, हे कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो गावी ९ सप्टेंबर २०१० रोजी दिसले. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या कागदांत तेथील तीस इंची नळ सांध्याविना ओढलेला असे लिहिले होते. प्रत्यक्षात १९५६ साली पुरलेला तो भाग आखूड तुकडे जोडून केलेला व काही ठिकाणी सांधा अर्धवटच भरलेला असा निघाला. स्फोटात आठ माणसे मेली, ३८ घरे नष्ट झाली, आणि वायू बंद करावयास ९५ मिनिटे लागली. सातबाऱ्यावर एक पीक आणि शेतात दुसरेच, हा प्रकार आपणांस अपरिचित नाही. पण तेथे चुकीच्या नोंदीचा परिणाम सारावाढीवर थांबतो. संस्थानच्या नियामक मंडळाने २०१५ साली या कंपनीवर १६० कोटी डॉलरांचा भार बसविला. मध्यवर्ती न्यायालयात २०१६ साली पंचांनी तिला नळसुरक्षेचा कायदा मोडल्याच्या पाच व चौकशीत अडथळा आणल्याच्या एका आरोपाखाली दोषी ठरविले. तेथील दंड मात्र तीस लक्ष डॉलर एवढाच झाला.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मिशिगन संस्थानात मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीचा १९६९ सालचा नळ फाटला, त्याची हकीगत याहून बोधप्रद आहे. भेग पावणेसात फुटांची होती. नियंत्रणकक्षात धोक्याच्या घंटा वाजल्या, परंतु तेथील माणसांनी त्यांचा अर्थ निराळा लावून पंप दोनदा पुन्हा सुरू केले, आणि सांडलेल्या तेलाचा फार मोठा भाग त्या दोन वेळांतच बाहेर पडला. सतरा तासांनंतर बाहेरच्या मनुष्याने कळविले तेव्हा कंपनीस खरी गोष्ट समजली. तोवर आठ लक्षांहून अधिक गॅलन तेल बाहेर पडून कालामाझू नदीपर्यंत गेले होते. येथेही बेलिंगहॅमचीच पुनरावृत्ती दिसते: २००५ सालच्या तपासणीत त्याच तुकड्यावर सहा तडे नोंदले गेले होते, पण हिशेबाने ते सह्य ठरवून कोणी उकरून पाहिले नाही. राष्ट्रीय चौकशी मंडळाने २०१२ साली कंपनीस दोष दिला, आणि तड्यांविषयीचा नियम ढिला ठेवल्याबद्दल व देखरेख अपुरी पडल्याबद्दल सरकारी खात्यासही दोष दिला. सरकारी चौकशी सरकारी खात्याविषयी इतके स्पष्ट बोलते, ही गोष्ट घेण्याजोगी आहे.

नळसुरक्षा खात्याने या प्रकरणी २०१२ साली ३७ लक्ष डॉलर दंड बसविला, व तो त्या वेळेपर्यंतचा त्या खात्याचा सर्वांत मोठा दंड होता. सफाईचा खर्च शंभर कोटी डॉलरांवर गेला, हे ध्यानी घेतले म्हणजे दंडाची रक्कम किती किरकोळ होती हे कळते. आमच्या मते कंपन्यांस खरी जरब बसते ती दंडाने नव्हे, तर नळ बंद ठेवण्याच्या हुकुमाने. मार्शलचा नळ खात्याच्या हुकुमाने सप्टेंबरअखेरपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, बंद राहिला. त्या प्रत्येक दिवसाचे भाडे बुडाले. पुढे कंपनीने तो सबंध नळच बदलला.

आता शेतजमिनीकडे वळू. वर सांगितलेले कडक नियम सरसकट सर्व नळांस लागू नव्हते. दाट वस्ती, पिण्याच्या पाण्याचे उद्गम, नाजूक निसर्गप्रदेश, नौकावहनाच्या नद्या अशा 'भारी परिणामाच्या' जागांस बाधा पोचू शकेल, एवढ्याच नळांस ते बांधून दिले होते. गव्हाचे शेत या यादीत नव्हते. निरीक्षक थोडे असता आधी माणसे वाचवावी हा युक्तिवाद खोटा नाही. तथापि ज्याचे सर्व भांडवल जमिनीच्या वरच्या हातभर थरात आहे त्याच्या दृष्टीने परिणाम भारी नाही, असे म्हणणे हे शहरात बसून केलेले माप आहे. टायोगा व मार्शल यांसारख्या प्रकरणांचा बोभाटा झाल्यावर १ ऑक्टोबर २०१९ रोजी तेलाच्या नळांचे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले. ज्या नळांतून यंत्र जाऊ शकते ते वरील यादीबाहेरच्या मुलखातही निदान दहा वर्षांतून एकदा तपासले पाहिजेत, अतिवृष्टी-महापुरासारख्या आपत्तीनंतर ७२ तासांच्या आत पाहणी सुरू झाली पाहिजे, आणि गळती ओळखण्याची योजना यादीबाहेरच्या नळांसही पाहिजे, असे त्यांत ठरले. शेताच्या वाट्यास पाचाऐवजी दहा वर्षे आली, पण पूर्वी काहीच नव्हते.

आपल्याकडे नळासाठी जमीन विकत घेतली जात नाही. १९६२ च्या कायद्याने तिच्या उपयोगाचा हक्क तेवढा घेतला जातो. मालकी शेतकऱ्याचीच राहते, परंतु ९ व्या कलमान्वये त्या पट्ट्यात घर, विहीर, तलाव वा बंधारा करता येत नाही व झाड लावता येत नाही. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या शेकडा १० आणि पिकाची प्रत्यक्ष हानी. सक्षम प्राधिकाऱ्याचा आकडा अमान्य असल्यास जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते. नळाच्या सुदृढतेविषयीचे नियम पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने केले. वायूच्या नळांचे २०१२ सालचे आहेत. मंडळाच्या आज्ञेचा भंग केल्यास २००६ च्या कायद्याच्या २८ व्या कलमाने दर भंगास एक कोटी रुपयांपर्यंत, व भंग चालूच राहिल्यास दर दिवशी दहा लक्षांपर्यंत अधिक दंड होऊ शकतो.

नियम असता काय घडू शकते ते आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडील नगरम गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे दिसून आले. गेल कंपनीचा वायूचा नळ फुटून आग लागली. वीसाहून अधिक माणसे मेली, नारळीच्या बागा जळून गेल्या. कोरड्या वायूसाठी घातलेल्या नळातून पाणीमिश्रित वायू नेल्याने तो आतून गंजला होता, असे चौकशीत निघाले. वायूतील पाणी काढण्याची सोय झाली आहे की नाही, हे वस्तीत राहणाऱ्या कोणासही बाहेरून कळण्यासारखे नव्हते. ते पाहावयाचे ते देखरेख करणाऱ्यांनीच.

शेतकऱ्याच्या हाती थोडे आहे, पण जे आहे ते सोडू नये. राजपत्रातील अधिसूचना, पट्ट्याचा नकाशा व नुकसानभरपाईचा आदेश यांच्या नकला घरी असाव्यात. खांबावरील दूरध्वनीचा क्रमांक पाहून ठेवावा. पट्ट्यात खोल नांगरट अथवा चारी करावयाची असल्यास आधी कंपनीस लेखी विचारावे, कारण मातीची जाडी नळ पुरतेवेळी मोजलेली असते आणि पावसाने ती दरसाल कमी होते. पट्ट्यातच पिवळी पडणारी पिकाची पट्टी, रॉकेलसारखा वास किंवा पाण्यावरची तेलाची तवंग दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कंपनीच्या गस्तवाल्यास या भागाची आतून तपासणी कोणत्या साली झाली हे विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास तोच प्रश्न नियामक मंडळास पत्राने करावा. उभ्या पिकात कंपनीची माणसे खोदावयास आली म्हणजे मनस्ताप होतो, पण बेलिंगहॅम व मार्शल येथे जे झाले नाही तेच येथे होत असते. म्हणून त्यांस अडवू नये. तलाठ्यास बोलावून आधी पिकाचा पंचनामा करून घ्यावा, कारण दुरुस्तीच्या खोदकामातील हानीचीही भरपाई १९६२ च्या कायद्याने देय आहे. वरची काळी माती निराळ्या ढिगात टाकून शेवटी वरच पसरावी ही अट पहिली कुदळ पडण्यापूर्वी लिहून घ्यावी. चर बुजल्यावर तक्रार ऐकावयास जागेवर कोणी उरत नाही.