चिकूच्या सावलीतला किनारा

डहाणूच्या समुद्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: तो जाहिरातीतला निळा समुद्र नव्हे. खंभातच्या आखाताजवळचा हा किनारा गाळाचा. पाणी मातकट, वाळू काळपट आणि ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की पोहायला आलेल्याची निराशाच व्हावी. तरीही सुट्टी लागली की मुंबईतून आणि गुजरातेतून माणसं इथे येतात. याचं कारण पाण्यात शोधून सापडणार नाही, ते पाण्याला पाठ केल्यावर दिसतं. मसोलीहून उत्तरेला नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असं निघालं की एका अंगाला सुरूची झाडं आणि दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. समुद्राला इतकी लागून असलेली गर्द बागायत मुंबईच्या एवढ्या जवळ आता फारशी उरलेली नाही. डहाणूचं आकर्षण या वाड्यांत आहे आणि त्या आपोआप टिकलेल्या नाहीत.

गंमत म्हणजे चिकू मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. ज्या युकातान द्वीपकल्पात तो रानात वाढतो, तिथेच मेक्सिको सरकारने १९७०च्या दशकात कानकून हे पर्यटनाचं शहर आखून वसवलं. वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली, जगभरचे प्रवासी आले. पुढे २००५च्या विल्मा चक्रीवादळाने किनाऱ्याची वाळूच ओढून नेली आणि ती समुद्रातून उपसून पुन्हा टाकावी लागली. इकडे डहाणूत त्याच चिकूने उलट जमीन राखली. पारशी-इराणी बागायतदारांनी वाढवलेल्या या झाडाला जवळजवळ वर्षभर फळ येतं. लांब काठीच्या जाळीने कच्चा चिकू उतरवायचा, धुऊन आकारानुसार निवडायचा, खोके भरून रवाना करायचा. असा बारमाही पैसा हाती असल्यावर जमीन विकायची घाई राहत नाही. घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जोडीला कायदा आला. २० जून १९९१च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना मर्यादा घातली. त्यावर देखरेख ठेवायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते.

यावर आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वाड्यांची सावली पाहुण्यांना, पण इथल्या आदिवासी तरुणाला काय? कारखाने अडवले म्हणजे रोजगारही अडवलाच ना? शिवाय ही बागायत काही निष्पाप नाही. डहाणू-तलासरीत वेठबिगारीविरुद्ध १९४५मध्ये वारली आदिवासींचा लढा पेटला, गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी तो उभा केला, हे विसरून हिरवाईचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मात्र यावर मोठी रिसॉर्टं हा उतारा आहे, असं मला वाटत नाही. त्यांत स्थानिकांच्या वाट्याला बहुधा झाडलोट आणि पहारा येतो. जमीन मात्र कायमची जाते. वाडीतल्या दोन-चार खोल्या, घरचं जेवण, गंजाडच्या चित्रकाराने स्वतः विकलेलं वारली चित्र यांतला पैसा निदान तालुक्यात फिरतो. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रकला जगभर पोचली, तीही कुठल्या हॉटेलच्या आधाराशिवाय.

खरा कच्चा दुवा दुसराच आहे. बी पोखरणारी अळी आणि बुरशी यांनी चिकूचं उत्पन्न घटलं, की वाडी टिकवण्याचं आर्थिक कारणच ढिलं पडतं. कायदा एकटा झाडं जगवू शकत नाही. त्यात डहाणू तालुक्यातल्याच वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. बंदर आलं की जमिनीचे भाव चढतील आणि तेव्हा चिकूचा हिशेब जमिनीच्या भावापुढे उभा राहील.

म्हणून सुट्टीला जाणाऱ्यांनी पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवून जावं. चर्चगेटकडून डहाणू रोडपर्यंत २०१३पासून लोकल जाते. वाडीत मुक्काम करा, चिकू बागायतदाराकडून घ्या, चित्र चित्रकाराकडूनच घ्या आणि पोहण्याचा हट्ट घरी ठेवा.