इंग्रजी क्रियापद आणि त्याचा सोबती



आपण मराठीत 'बोदलकसा तलावाजवळ' म्हणतो, तेव्हा 'जवळ' हा शब्द शेवटी येतो. इंग्रजीत तो नामाच्या अगोदर येतो : 'नियर बोदलकसा लेक'. अगोदर येणाऱ्या अशा शब्दास प्रेपोझिशन म्हणतात. एवढा फरक लवकर कळतो. खरी अडचण क्रियापदापाशी येते.

आपण मराठी प्रत्यय जसाच्या तसा इंग्रजीत नेतो. 'प्रश्नावर चर्चा केली' यावरून 'डिस्कस्ड अबाउट', 'तिच्याशी लग्न केले' यावरून 'मॅरीड विथ हर', 'तिरोड्याला पोहोचलो' यावरून 'रीच्ड टू तिरोडा' असे लिहितो. ही तिन्ही रूपे चुकीची आहेत. डिस्कस, मॅरी आणि रीच या क्रियापदांना इथे प्रेपोझिशन लागत नाही. 'टॉक'ला मात्र 'अबाउट' लागते. पोहोचणे याच अर्थाच्या 'अराइव्ह'लाही सोबती लागतो : 'अराइव्ह्ड ॲट द स्टेशन', 'अराइव्ह्ड इन नागपूर'.

याच्या उलटही घडते. आपण 'रेडिओ ऐकतो', पण इंग्रजीत 'लिसन टू द रेडिओ' म्हणावे लागते. गाडीची वाट पाहणे म्हणजे 'वेट फॉर द ट्रेन'. कधी दोन्ही भाषा जुळतात : धानाचे पीक पावसावर अवलंबून, म्हणजे 'डिपेंड्स ऑन रेन'. सोबती बदलला की अर्थही बदलतो. 'लुक ॲट' म्हणजे बघणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे आणि 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे.

म्हणून क्रियापद एकटे पाठ करू नका. वहीत ते सोबत्यासह लिहा व खाली आपल्या गावाचे एक वाक्य जोडा. शंका आल्यास कोश पाहा. हॉर्न्बी यांचा ऑक्सफर्डने १९४८ साली प्रसिद्ध केलेला कोश इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठीच रचलेला होता. त्याच्या नव्या आवृत्त्यांत क्रियापदाचे सोबती दिलेले असतात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरीही आपली मुले मुलाखतीत चुकीच्या भीतीने गप्प बसतात. बोलताना प्रेपोझिशन चुकले तरी बहुधा अर्थ पोहोचतो, गप्प बसल्याने काहीच पोहोचत नाही. अर्ज मात्र तपासूनच पाठवावा : जागेसाठी 'अप्लाय फॉर', कार्यालयाकडे 'अप्लाय टू'. आजपासून रोज एक जोडी लिहिली, तर वर्षाअखेरीस तीनशे पासष्ट जोड्या आपल्या होतील.