अठ्ठ्याऐंशीचा कायदा कुणाला आठवतो?

गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. आजच्या किती आमदारांना तो ठाऊक असेल, मला शंकाच आहे.

त्याआधीची वर्षं झटपट उरकते. राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालातून १९७१चा गर्भपाताचा कायदा आला. १९७६ मध्ये याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. दोन्ही वेळा मनात होती लोकसंख्या. बाईला विचारतो कोण!

ऐंशीच्या दशकात बायका न विचारताच बोलू लागल्या. ‘आज पाचशे खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा’ अशा थाटाच्या जाहिराती तेव्हा राजरोस झळकत. मुंबईत गर्भलिंगचाचणीविरोधी मंच उभा राहिला. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठलं, तर ४२ जण ही चाचणी करत होते. ‘आम्ही नाही केली तर बायका भोंदूंकडे जातील’ हा युक्तिवाद आम्ही इतक्यांदा ऐकला, की पाठ झाला होता. मृणालताई गोरे यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणलं, मोर्चे निघाले, आणि सरकारला हलावं लागलं. त्या सगळ्या धबडग्यात एक गोष्ट आम्ही पुन्हापुन्हा बजावत होतो: विरोध लिंगनिवडीला आहे, गर्भपाताला नाही.

नेमकं तेवढंच पुढे हरवलं. केंद्राचा कायदा १९९४ला आला, सोनोग्राफी यंत्रं तालुक्यापर्यंत पोचली, तपासणी कागदावर राहिली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ला ९४६, २०११ला ८९४. बीडमध्ये तर ८०७. मग एकदम सगळ्यांना जाग आली. २०१२मध्ये खुनाचं कलम लावा, अशी मागणी राज्यकर्तेच करू लागले. औषध दुकानांवर धाडी पडल्या, कटकट नको म्हणून दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. नको असलेलं दिवस राहणं वेळीच निस्तरणारी बाई आणि मुलगी पाडून देणारा डॉक्टर एकाच पिंजऱ्यात!

आमदारसाहेब, पुढच्या अधिवेशनात टाळ्यांचं भाषण करण्याआधी एवढं डॉक्टरांना विचारून घ्या: गोळ्या चालतात नवव्या आठवड्यापर्यंत, आणि सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसायला बारावा आठवडा तरी उलटावा लागतो.