वेगवान नव्हे, वेळेवर: लिनक्सवर रेकॉर्डिंग तुटतं तेव्हा



गणेशोत्सव जवळ आला की आपल्याकडे तालमी सुरू होतात, आणि काही मंडळी घरच्या लिनक्स संगणकावर तबल्याचं, आरत्यांचं रेकॉर्डिंगही करतात. त्यासाठी मुद्दाम रिअल-टाइम कर्नल घातलेलं असतं. तरीही मध्येच 'टक्' असा आवाज येतो आणि छान जमलेला ठेका वाया जातो. पुष्कळदा दोष साउंड कार्डाचा नसून प्रोसेसरच्या बदलत्या वेगाचा असतो. तो कसा शोधायचा, ते आज पाहू.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर. तबलजी कितीही द्रुत वाजवो, समेवर आला नाही तर काय उपयोग? 48,000 हर्ट्झवर 128 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 2.7 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार नसेल, तर आवाज तुटतो. रिअल-टाइमची सोय 2024 मध्ये आलेल्या 6.12 आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्येच आहे. ती कोणतं काम आधी करायचं ते सांभाळते. पण वीज वाचवायला प्रोसेसरच मंदावला असेल, तर ती काय करणार?

आधी पाहा, वेगाचा कारभार कोणाकडे आहे. टर्मिनलमध्ये 'सीपीयूपॉवर', जागा सोडून 'फ्रीक्वेन्सी', आडवी रेघ, 'इन्फो' असं इंग्रजीत टाइप करा. ड्रायव्हर आणि गव्हर्नर दिसतील. ड्रायव्हरच दिसत नसेल, तर बायोसमधली सेटिंग तपासा. गव्हर्नर 'पॉवरसेव्ह' दिसला म्हणून लगेच घाबरू नका. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये त्याचा वेग कामानुसार वाढतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरमध्ये मात्र तो प्रोसेसरला सर्वांत कमी वेगावर धरून ठेवतो. रेकॉर्डिंगपुरता 'परफॉर्मन्स' निवडा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही निवड जाते, आणि डेस्कटॉपची 'पॉवर मोड' सेटिंगही ती बदलू शकते. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी पुन्हा एकदा पाहा.

तरीही आवाज तुटतो? मग झोप तपासा. काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो. डुलकी जितकी गाढ, तितका उठायला उशीर. 'परफॉर्मन्स' निवडल्याने ही झोप थांबत नाही. 'सीपीयूपॉवर आयडल-इन्फो' प्रत्येक झोपेतून उठायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत दाखवतो. गाढ झोपा 'आयडल-सेट'ने तात्पुरत्या बंद करता येतात.

इथे एक चकवा आहे. उशीर मोजायला 'सायक्लिकटेस्ट' वापरतात, पण ते चालू असेपर्यंत स्वतःच प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही. त्यामुळे चाचणीत सगळं ठीक आणि रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा 'टक्'! त्याला 'लॅपटॉप' हा पर्याय जोडून चाचणी घ्या. सरासरी पाहू नका, 'मॅक्स'चा आकडा पाहा. हजार ठोके वेळेवर पडले आणि एक चुकला, तर कानाला तो एकच ऐकू येतो.

तिसरं कारण उष्णता. प्रोसेसर तापला की गव्हर्नर कोणताही असो, तो स्वतःच वेग कमी करतो. सुरुवातीला सगळं नीट चालून वीस-पंचवीस मिनिटांनी त्रास सुरू झाला, तर संशय इथेच घ्या. पंख्याची धूळ काढा, लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा आणि चार्जर लावा. झोप बंद ठेवल्यानेही उष्णता वाढते, म्हणून काम संपलं की सेटिंग पूर्ववत करा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि ही सगळी खटपट उत्सवाच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधीच उरका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार!